वर पाणी सोडणार नाही

दीप्तीने ज्या दिवशी विहाराबाहेरच्या फळ्यावर सुविचार लिहिला नाही, नेमका त्याच दिवशी तिचा सुविचार अख्ख्या वाडीला आवडला.

तोवर ती रोज लिहीत होती. अंगणवाडीच्या खडूच्या तुकड्यांनी, ठळक अक्षरात. दीप्तीला कशातही धडा दिसायचा. चपलेचा अंगठा तुटला, तर फळ्यावर यायचं, "तुटलं ते पायातलं, पाय शाबूत आहेत." दूध उतू गेलं, की "उतू जाणाऱ्याला एक फुंकर पुरते."

"धडा तुला गावतो गो," सासू काशीबाई म्हणायची, "आन ओटा मला पुसाय लागतो."

वाडी पोलादपूरहून कापड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावाच्या डोक्यावर होती. म्हणून तिचं नावच वरची वाडी. गावाची टाकी खाली, आणि पाणी मोटरीने वर चढायचं. अलीकडे ते चढायचा कंटाळा करू लागलं होतं. नळाला करंगळीएवढी धार, आणि तीही मनात आलं तर. पंचायतीत जाऊन विचारू या, म्हणून दीप्ती दारोदार फिरली. "जाऊन काय व्हनार? नवी योजना येनार हाय ना," असं शेजारची मानसी म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग दीप्तीने फळ्यावर लिहिलं, "मागणं म्हणजे भीक नव्हे." संध्याकाळी पाहते, तर त्याच्याखाली श्रीपतनानांनी लिहून ठेवलेलं, "शेळी विकणे आहे."

"संपलं," घरी येऊन ती म्हणाली. "मी ह्या वाडीवर पाणी सोडलं, आई."

"सोडायला पानी हाय कुठं?" काशीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीप्ती मुद्दाम भाकऱ्या थापत बसली. फळ्याकडे फिरकली नाही. आणि इतक्यात मानसी धावत आली. तिचे डोळे पाणावलेले.

"ताई, काय लिवलंस गो! काळजाला भिडलं. मी आता त्या नर्सिंगच्या परीक्षेवर पानी सोडनार नाय. पुन्ना बसनार. सासऱ्यांना तोंडावर सांगून आले."

"मी? काय लिहिलं?"

"आन ती मोकळी जागा ठेवलीस ना पुढं, ज्यानं त्यानं आपलं आपलं भरायचं! एवढी बुद्धी कुठनं आनतेस?"

मानसीपाठोपाठ श्रीपतनाना आले. त्यांची कवळी गेल्या पावसाळ्यात ओढ्यात पडली होती आणि दुसरी काही त्यांनी केली नव्हती. "दातांवर पानी शोडनार नाय!" त्यांनी जाहीर केलं. "उद्या म्हाडला जातो. चनं खाल्ल्याबिगर मरनार नाय."

दीप्ती हातावरचं पीठ न धुता विहाराकडे गेली. फळ्याच्या सुरुवातीला पुसट पांढरा फराटा होता आणि त्याच्यापुढे लिहिलेलं होतं: "वर पाणी सोडणार नाही."

अक्षर तिचं नव्हतं. हा पोटफुगा "ण" पंचायतीच्या मुरारीचा. मुरारी म्हणजे गावाचा पाणी सोडणारा. फळ्याखाली श्रीपतनानांची शेळी अंग घाशीत उभी होती आणि तिच्या पाठीवर खडूची पूड होती. फराटा निरखून पाहिल्यावर दीप्तीला सगळं कळलं. मुरारीने लिहिलं होतं, "आजपासून वर पाणी सोडणार नाही." ही बातमी काशीबाईच्या तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून अंधारात येऊन फळ्यावर लिहून पळाला होता. त्यातलं "आजपासून" शेळीने पुसलं होतं, आणि उरलं होतं ते वाडी डोळे पुसत वाचत होती.

तिने नळ सोडून पाहिला. नळाने एक सुस्कारा टाकला. बस.

"आई, हा सुविचार नाही. ही पंचायतीची सूचना आहे. पाणी कायमचं बंद केलंय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगते."

काशीबाईने तिचा हात धरला. "काय सांगशील? की हे मुरारीनं लिवलं आन शेळीनं सुदारलं? आज पहिल्यांदा ह्या बाया तुझं आयकतायत. म्हंजे तुझं नाय, पन तुझं समजून."

"हे खोटं नाही का?"

"पानी बंद हाय ते सांग. बाकीचं शेळी बघून घेईल."

पाणी बंद झाल्याचं दीप्तीने सांगितलं, तेव्हा काल माना डोलावणाऱ्या त्याच बाया कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. फळ्यावरचं वाक्य डोक्यात ताजं होतं. रिकामे हंडे घेऊन सगळी वाडी उतारावरून निघाली. घोषणा कुणाला शिकवावी लागली नाही.

"परीक्षेवर—" मानसी ओरडली.

"पानी सोडनार नाय!"

"दातांवर—" श्रीपतनाना.

"पानी सोडनार नाय!"

हा आवाज पंचायतीच्या आवारात पोचला तेव्हा सरपंच कोंडाजी बाहेर आले. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा खुलला. ते मुरारीकडे वळले.

"अरे, ही मानसं शानी हायत! मी तरी दुसरं काय म्हनतो? वर पानी सोडनार नाय! मग मोर्चा कशाला आनलात? सत्कार करायला आलात का माझा?"

आपण पाणी मागायला आलोय आणि "पाणी सोडणार नाही" म्हणून ओरडतोय, हे सगळ्यांना एकदमच उमगलं. मागून कुणीतरी हसलं. एक-दोन हंडे परत निघण्याच्या बेताने कमरेवर चढले. दीप्तीला वाटलं, आता संपलं. आपल्या सगळ्या धड्यांचा शेवट हाच, भर पंचायतीत हसं.

मग तिला राग आला. कुठल्याही सुविचारात न बसणारा, साधा, तापलेल्या तव्यासारखा राग.

"सरपंच," ती म्हणाली, "तुमचं वाक्य अर्धं आहे. सुरुवात शेळीने पुसली. आमची आम्ही लिहिली. पाण्यावर! पाण्यावर पाणी सोडणार नाही!"

"पाण्यावर—" काशीबाईने हंडा दणकन आपटला.

"पानी सोडनार नाय!" या खेपेला कुणी हसलं नाही.

"अहो, पन चढत नाय वर!" सरपंचांनी हात जोडले. "प्रेशर नाय. उंचावर हायत तुमी. माझ्या हातात असतं, तर—"

एवढ्यात त्यांच्या टकलावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. पंचायतीला खेटून सरपंचांचं नवं घर उभं राहत होतं. दुसऱ्या मजल्यावर स्लॅब नुकताच टाकला होता आणि सिमेंट मुरावं म्हणून त्याच्यावर आळी बांधून पाणी साठवलं होतं. तेच आता काठावरून सांडत होतं. सगळ्यांनी माना वर केल्या. शेवटी सरपंचांनीही केली.

"मुरारी," काशीबाईने लाडाने विचारलं, "दुसऱ्या माळ्यावर पानी चढतं कसं रे?"

मुरारी स्वभावाने सरळ. "मोटर आपल्या लायनीलाच जोडलीय ना, आये. सरपंच म्हनाले, स्लॅब वाळंपर्यंत वरच्या वाडीचं—"

"मुराऱ्या!" सरपंच ओरडले. पण एव्हाना थेंबांची धार झाली होती.

"माजा आजा," काशीबाई म्हणाली, "म्हाडच्या तळ्यावर ओंजळभर पान्यासाठी डोकं फोडून घेऊन आला. तवा पानी व्हतं, पन मानसं चढू देत नव्हती. आता तुमी सांगा, पानीच चढत नाय. बरं. आमी हितंच बसतो. सिमेंटाला पाजून उरलं, की आमाला द्या." आणि ती खरोखरच ओल्या पायरीवर मांडी घालून बसली. तिच्यामागे मानसी बसली, मग सगळी वाडी. श्रीपतनाना बसले ते नेमके धारेखाली. त्यांनी आपला हंडा तिथे लावला.

तो भरेपर्यंत सरपंचांनी वाट पाहिली नाही. "बरं बाबा, बरं! उद्यापासनं वर पानी. रोज सकाळी. आता उठा."

"लिवून द्या," काशीबाई म्हणाली.

"मुरारी, जाऊन लिव त्यांच्या फळ्यावर. पुरं लिव. आन ती शेळी बांधा कुनीतरी."

मुरारीने लिहिलं. संध्याकाळच्या उजेडात, सगळ्यांदेखत जायला लाजून, सगळे घरात गेल्यावर लिहिलं. मात्र पुरं काही लिहिलं नाही. आधीचं "नाही" तेवढं हाताने पुसलं. कामाचा माणूस, खडू वाचवला.

सकाळी सर्वांत आधी श्रीपतनाना तिथे आले. फळ्यावर होतं, "वर पाणी सोडणार." नाना हबकले. एका रात्रीत माघार? दीप्तीने हाय खाल्ली? त्यांनी खडू शोधला आणि पुढे लिहिलं, "नाही." त्याच्यापुढे चांगला जाडजूड उद्गारवाचक दिला आणि हाकाटी करत वाडी गोळा केली. नळाला लावलेले हंडे घाईत पालथे पाडून सगळ्या बाया विहारापाशी धावल्या.

वाडीने वाचलं. "फसवलं सरपंचानं!" मानसी किंचाळली. मुरारी सायकलवरून वर येत होता, तो त्यांच्या तावडीत सापडला.

"मी सोडनारच लिवलं व्हतं, आईशपथ!"

"मग हे 'नाय' कुनी लिवलं? शेळीनं?"

"शेळी बांधलीय माझी," नाना म्हणाले. "मी लिवलं. माघार मंजूर नाय आपल्याला!"

दीप्ती कपाळाला हात लावून नानांना समजावू लागली. मुरारी शपथा घेऊ लागला. त्या गोंधळात मागे नळ खोकला. पुन्हा खोकला. आणि मनगटाएवढी धार उसळून पालथ्या हंड्यांवर ताशासारखी वाजू लागली.

सगळे वळले. पाणी हंड्यांवरून उडून, अंगणातून, पायवाटेने उताराला लागलं होतं. इतक्या दिवसांनी आलेलं, भांडून आणलेलं पाणी. बाया दीप्तीकडे पाहू लागल्या. नानांनी खडू पुढे केला.

"बोल गो, ताई," मानसी म्हणाली. "यातनं काय शिकायचं?"

दीप्तीने खडू घेतला. विचार केला. तोंड उघडलं.

"शिकाल मागनं!" काशीबाई ओरडली. "आदी हंडा सरळ कर!"