केबिनमागचा पत्रा

ट्रक कापायचा हे क्लॅरी हॉबडेने सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. कशाने कापायचा, तेवढं ठरायचं राहिलं होतं.

ट्रक त्याच्या बापाचा, जन्मभर मेंढ्या वाहून म्हातारा झालेला. केबिनमागचा पत्रा कापून वाट करायची, हौद्यावर झोपायची खोली चढवायची आणि बायकोला, नोएलीनला, घेऊन समुद्रावर तिच्या बहिणीकडे जायचं, असा बेत होता. आमच्या मुलगाबरी गावाहून समुद्र दोन दिवसांवर, आणि क्लॅरीला परक्या गादीवर झोप येत नाही.

क्लॅरीचा जीव गॅस कटरवर. "वीज लागत नाही, गंज बघत नाही, माळावर कुठेही पेटतो," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. जावई ट्रेंट विजेवर चालणाऱ्या प्लाझ्मा कटरच्या बाजूचा. "अहो, पातळ पत्रा गॅसने वाकडा होतो. प्लाझ्माने कापलेली कड घासावीसुद्धा लागत नाही." या वादात गावातल्या निवृत्त मंडळींचे दोन तट पडले होते आणि तिघांचं आपसांत बोलणं बंद होतं.

गॅसने पत्रा वाकडा होतो याचा पुरावा त्या ट्रकवरच होता. पन्नास वर्षांपूर्वी क्लॅरीने बापाचा कटर गुपचूप घेऊन याच पत्र्यात आपलं आणि नोएलीनचं आद्याक्षर आरपार कापलं होतं. अक्षरं कसली, उंदराने कुरतडल्यासारखी भोकं. थंडीत लोकर कातरायच्या शेडमधल्या नाचाला जाताना त्यांतून वारा थेट मानेवर यायचा, म्हणून नोएलीन सरकून जवळ बसायची. लग्नानंतर तिने भोकांत चिंध्या कोंबल्या. त्या नाचांना मीही गेलेलो आहे. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

यंदा नोएलीनच्या बहिणीची ऐंशी वर्षं भरत होती. पंधरा दिवस उरले, तसा ट्रेंट शनिवारी सकाळी प्लाझ्मा आणि त्याला लागणारा हवेचा कॉम्प्रेसर घेऊन दारात उभा राहिला.

"आज निकाल लावू," तो म्हणाला. "डावी बाजू तुम्ही गॅसने कापा, उजवी मी कापतो."

क्लॅरीला नाही म्हणायला कारण सुचेना. त्याने सिलिंडर ओढत आणला, नळ्या जोडल्या आणि ठिणगी पाडायचा चिमटा घ्यायला भिंतीकडे हात नेला. खिळा रिकामा.

"तीस वर्षं इथेच टांगलेला असतो," क्लॅरी म्हणाला.

"मग काडी ओढा की."

"माझ्या बापाने एकदाच काडी ओढली. नंतरच्या एकाही फोटोत त्याला भुवया नाहीत."

"बरं, मग आधी माझी बाजू," म्हणत ट्रेंटने प्लाझ्मा आणि कॉम्प्रेसर एकाच बोर्डावर लावून खटका दाबला. फट्. शेडमधली वीज गेली, घरातली गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोएलीनचं डोकं बाहेर आलं.

"जत्रेतल्या स्पर्धेचा केक ओव्हनमध्ये आहे. वीज कुणी घालवली?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. फ्यूज बांधायला तास गेला. वीज आली, तेव्हा ट्रेंटच्या लक्षात आलं की कटरच्या टोकाचं तांब्याचं नोजल गायब आहे.

"सकाळी मी स्वतः बसवलं होतं."

"कुत्र्याने खाल्लं असेल," क्लॅरी म्हणाला. कुत्र्याचं तोंड उघडून बघण्यात आलं. एवढ्यात दहा वाजले. दहाला चहा म्हणजे चहा. आमच्याकडे त्या वेळी घराला आग लागली तरी माणसं कप हातात घेऊनच विझवायला जातील.

टेबलावर केक होता, पण मधोमध खचलेला, आत कच्चा. भुकेला ट्रेंट उठला आणि फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याला त्याने हात घातला.

"तो नको," नोएलीन घाईघाईने म्हणाली. "शिळी आहेत ती."

"चालतील मला." त्याने झाकण काढलं. बिस्किटांवर चिमटा आडवा पडलेला होता.

क्लॅरीने चिमटा उचलला.

"तू?" क्लॅरी म्हणाला. "सहा वर्षं माझ्यामागे लागलीयस, ट्रक काप, ट्रक काप."

"तुझी एवढी हौस, मी कशाला मोडू?" नोएलीनने एप्रनला हात पुसले. "पण काल चिंध्या बदलायला गेले, आणि त्या अक्षरांवरून हात फिरवला. मग माझ्याच्याने राहवेना."

ट्रेंटने कपाळाला हात लावला. "ठीक आहे. पण माझं नोजल तरी द्या."

"त्याला मी हात लावलेला नाही," नोएलीन म्हणाली.

दोघांनी क्लॅरीकडे पाहिलं. क्लॅरी चहाच्या कपात बघत होता. मग त्याने सावकाश शर्टाच्या खिशात हात घातला आणि नोजल बशीत ठेवलं.

"वाद मिटला की कापावं लागणार," तो म्हणाला. "म्हणून मिटू देत नव्हतो."

पंधरा दिवसांनी दोघं ट्रक न कापताच समुद्रावर गेली. हौद्यात घरचीच गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. नोएलीनने निघताना भोकांतल्या चिंध्या तेवढ्या काढून टाकल्या.

दोघं परत आल्यावर ट्रेंटने फोन केला. "मग काय ठरलं? गॅस की प्लाझ्मा?"

"विचार चाललाय," क्लॅरी म्हणाला.

"त्याला सांग," नोएलीन आतून म्हणाली, "निदान पाच-सहा वर्षं लागतील."