कोंडीबांची अकरावी कवळी

डॉ. ऋतुजाने सोलापुरात बीडीएस केलं आणि पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं ठरवलं. अर्जातला एकच प्रश्न अवघड होता : 'आपल्या देशातील दंतप्रशिक्षणाचे तीनशे शब्दांत वर्णन करा.' तिने खरं तेच लिहिलं. पाच कवळ्या केल्याशिवाय विद्यार्थ्याला परीक्षेला बसता येत नाही. बोळकी तोंडं मात्र मोजकीच. म्हणून विद्यार्थी ती गावाहून आणतात, एसटीचं तिकीट आणि दुपारचं जेवण देऊन.

सात रस्त्यावरचे प्रवेश-सल्लागार सयाजीसर यांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "मॅडम, हे वर्णन आहे की कबुलीजबाब?"

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. एसटीच्या तिकिटाचा 'ग्रामीण ज्येष्ठांपर्यंत सेवाविस्तार' झाला आणि जेवणाचं 'पोषण-समुपदेशन'. ऋतुजाच्या पाचही कवळ्या मोहोळजवळच्या खेड्यातल्या एकट्या कोंडीबा आजोबांसाठीच केलेल्या होत्या. त्याचा झाला 'एकाच रुग्णाचा प्रदीर्घ पाठपुरावा'. वाचता वाचता ऋतुजाला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

विद्यापीठ तर भारावूनच गेलं. असा पाठपुरावा आमच्याकडेही होत नाही, त्यांनी कळवलं. रुग्णाशी व्हिडिओवर बोलायला आवडेल. रुग्णाने कृपया कवळी लावून काहीतरी खाऊन दाखवावे.

आता आली का पंचाईत! ऋतुजाने तडक गाव गाठलं. कोंडीबा तिच्या आजोळच्या शेजारचे, तिला नातीसारखं मानणारे. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. आत फडक्यात बांधलेल्या अकरा कवळ्या होत्या. सहा तिच्या सीनियर्सच्या, पाच तिच्या.

"आज्जा, यातली माझी शेवटची कुठली?"

"म्या काय त्यांस्नी नावं घातली न्हाईत, पोरी. समद्या सारख्याच टोचत्यात."

"पण एकदा तरी वापरली का?"

"वापरली की. धाकट्याच्या लग्नात. फोटोपुरती."

ऋतुजाला मनापासून वाईट वाटलं. अकरावी कवळी तिने तीन दिवस घासघासून बसवली होती. पण रडायला वेळ नव्हता. "आज्जा, माझी सीट आता तुमच्या तोंडात आहे," ती म्हणाली.

कॉल लागला. कोंडीबा पटका बांधून, कवळी लावून ताठ बसले. जेवण कसं जातं, असं पलीकडच्या प्राध्यापिकाबाईंनी विचारलं. कोंडीबांनी कवळी काढून अदबीने वाटीत ठेवली आणि कडक भाकरीचा तुकडा नुसत्या हिरड्यांनी कडाकडा फोडला.

"आसं जातंय म्हनाव. ती घातली की काय चावतच न्हाय."

ऋतुजाने क्षणभर डोळे मिटले आणि भाषांतर केलं : "आमच्या प्रशिक्षणामुळे त्यांच्या हिरड्या लक्षणीय मजबूत झाल्या आहेत."

आठवड्याने पत्र आलं. 'आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो.' ऋतुजाने टुणकन उडी मारली. मग वरचं नाव वाचलं. निवड कोंडीबांची झाली होती. तिकडेही प्रत्येक विद्यार्थ्याला पाच कवळ्या कराव्या लागतात आणि त्यांच्याकडची बोळकी तोंडं जवळपास संपली आहेत. विमानाचं तिकीट आणि दुपारचं जेवण विद्यापीठ देणार होतं. सोबत मराठी जाणणारा एक मदतनीस आणता येईल. शिक्षणाची अट नाही.

"येतीस का, पोरी?" कोंडीबांनी विचारलं.

परदेशात जायचं म्हणून ऋतुजा चार वर्षं झुरली होती. "येते," ती म्हणाली. सयाजीसरांनी घरच्यांसाठी मजकूर लिहून दिला : 'परदेशी विद्यापीठात सन्माननीय नियुक्ती.' त्यावर पेढेही वाटले गेले.

कोंडीबा गेल्यापासून सोलापूरची चालू बॅच मात्र खोळंबली आहे. तेव्हा इथवर हसत आलेल्या वाचकांनी जिभेने आपापले दात जरा चाचपून पाहावेत. एखादा हलत असेल तर लगेच कळवा. तिकीट आणि जेवण मिळेल. एकही हलत नसेल, तरी कळवा. दात उपटायचाही कोटा असतो.