पाला आणि घाम

सासूबाई बरोबर येणार हे कळलं आणि नोझुको धास्तावली. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानीच्या एका गेस्टहाउसात चादरींना इस्त्री करायची तिची नोकरी नुकतीच गेली होती. मालकाने गेस्टहाउसच बंद करून टाकलं. आता सरकारी विम्यातून बेकारभत्ता मिळवायचा, तर शहरातल्या कामगार ऑफिसात जाऊन अर्ज करणं भाग होतं. नवरा रस्टेनबर्गच्या खाणीत संपावर बसलेला, त्यामुळे घर चालायचं ते नोझुकोच्या पगारावर. भत्ता मिळाला नाही तर धाकट्या नातीला मामाकडे ठेवावं लागेल, असं सासूबाई मादलोमोंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

खरी गोची पुढेच होती. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे सगळ्याच खोसा घरांत असतं. मादलोमोंच्या घरात मात्र त्या नावाचा वारा लागलेला शब्दही चालत नसे. नोझुकोचे दिवंगत सासरे मालिकोले, आणि खोसात पैशाला म्हणतात इमाली. आजेसासरे मसेबेंझी, आणि कामाला म्हणतात उमसेबेंझी. थोडक्यात, त्या घरच्या सुनेला पैसा आणि काम हे दोन शब्द सोडून काहीही बोलायची मोकळीक होती. पैशाला ती 'पाला' म्हणे आणि कामाला 'घाम'. मादलोमोंना नवऱ्याच्या नावाची बंदी नव्हती, पण सासऱ्यांच्या नावापायी 'काम' त्यांनाही वर्ज्य होतं. एवढ्यावर वर्षानुवर्षं संसार सुरळीत चालला होता.

"आई, तिथे मी इंग्रजीत सांगितलं तर?" नोझुकोने निघताना विचारून पाहिलं.

"का? पितरांना इंग्रजी कळत नाही होय? तुझे सासरे मिशनच्या शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांच्या चुका काढायचे!"

टॅक्सीवाल्याला मादलोमोंनी 'घामाच्या ऑफिसापाशी उतरव' म्हणून सांगितलं. त्याने बराच विचार केला आणि दोघींना व्यायामशाळेच्या दारात सोडलं. आत एक तरणाबांड गडी घामाघूम होऊन दोरीवरच्या उड्या मारत होता. "बघ," मादलोमो हळहळल्या, "बिचाऱ्याला भत्त्यासाठी काय काय करायला लावतात." शेवटी विचारत विचारत दोघी योग्य त्या रांगेला लागल्या, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

खिडकीत तेबोहो नावाचा तरुण कारकून होता. जोहान्सबर्गकडून नुकताच बदलून आलेला. खोसा बोलायचा, पण शहरातली.

"बोला ताई, काय करत होतात?"

"घाम गाळत होते."

"तो सगळेच गाळतात. आता काय झालं?"

"आता घाम बंद झालाय."

तेबोहोने मान वर केली. "अजिबात येत नाही?"

"कुठून येणार? मालकांनीच बंद केला."

"ताप वगैरे?"

"घरी बसून डोक्याला ताप होतोच की, भाऊ."

तेबोहो कनवाळू होता. त्याने तिला लगेच आजारपणाच्या भत्त्याच्या खिडकीकडे पाठवलं. तिथल्या बाईने डॉक्टरचा दाखला मागितला. नोझुको म्हणाली, मला काहीही झालेलं नाही. मग आलात कशाला, असं बाईने विचारलं. "पाल्यासाठी," नोझुको म्हणाली. झाडपाल्याची औषधं बाजारात मिळतात, इथे नाही, असं सुनावून बाईने तिला तेबोहोकडे परत धाडलं.

"ताई, नीट सांगा," तेबोहो आता जरा थकला होता. "तुमचे मालक महिन्याच्या शेवटी तुम्हाला काय द्यायचे?"

"पाला."

"पाला?"

"हो. पाकिटात घालून."

तेबोहोने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिरवा?"

"हिरवा, तांबडा. मालक खुशीत असले की सगळाच निळा." नोटांचे रंग तिला तोंडपाठ होते.

निळा पाला तेबोहोने जन्मात ऐकला नव्हता, पण या डोंगरांत कसला पाला पिकतो हे त्याला बदलीच्या आधीच मित्रांनी सांगून ठेवलं होतं. तो उठला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनी येताना सुरक्षारक्षकालाही आणलं.

"पगार म्हणून गांजा वाटायचे?" साहेब म्हणाले. "हे प्रकरण पोलिसांकडे जाईल. तोवर तुमचा अर्ज बंद."

नोझुकोच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. धाकटीची वळकटी तिला दिसायलाच लागली. एक शब्द उच्चारला असता तर सगळं मिटलं असतं. तिने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

ते मादलोमोंनी पाहिलं.

"अरे शहाण्यांनो, पाला म्हणजे पैसा!" त्या कडाडल्या. "तिच्या सासऱ्यांच्या नावात येतो तो शब्द. ती नाही म्हणायची, मेली तरी!"

"बरं, बरं आजी," साहेब नरमले. "आणि घाम म्हणजे?"

मादलोमोंनी वर छताकडे पाहिलं, जणू सासरे पंख्यावरच बसले होते.

"काम!" त्या एकदम ओरडल्या. "माझ्या सुनेचं काम गेलंय! काम, काम, काम!"

रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. मादलोमो डोक्यावरून शाल ओढून मटकन खाली बसल्या. नोझुको धावली.

"आई, कशाला म्हणालात?"

"पोरीला मामाकडे ठेवू म्हणाले मी," शालीतून आवाज आला. "माझ्या कुशीत झोपते ती. मला कुठे झोप लागणार होती?"

अर्ज मंजूर झाला. पहिला भत्ता आला आणि सगळा पितरांच्या माफीत गेला. नोझुकोने घरी बिअर केली. चुलतसासरे फिकिले गोठ्यापाशी उभे राहून मसेबेंझींना म्हणाले, "बाबा, सुनेने तुमचं नाव सरकारी ऑफिसात, तेही तीन वेळा घेतलं. पदरात घ्या." मग ते बिअर प्यायले, आणखी प्यायले आणि कुणी केली म्हणून विचारलं. त्यांच्या पोराच्या समारंभाला तिचीच बिअर हवी होती. समारंभात प्यायलेल्यांनी आपापल्या घरच्या समारंभांसाठी पाला मोजून सांगून ठेवली. नोझुकोच्या परसातली पिंपं रिकामी राहीनात.

भत्ता चालू ठेवायला लागणाऱ्या पुढच्या सहीच्या दिवशी दोघी पुन्हा खिडकीपुढे उभ्या राहिल्या.

"काय ताई," तेबोहोने हसून विचारलं, "मिळालं का कुठे काम?"

हो म्हटलं तर भत्ता बंद, आणि खोटं बोलणं नोझुकोला जमत नसे. मादलोमो तिला बाजूला सारून पुढे झाल्या.

"साहेब, आमच्या घरात तो शब्द उच्चारत नाहीत."

"अहो आजी, मागे तर तुम्हीच ओरडला होतात!"

"त्याची माफी मागून झाली. आता पुन्हा बोलायला लावलंत, तर पुन्हा बिअर करावी लागेल. मग तुम्हालाही यावं लागेल प्यायला."

तेबोहोने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि शिक्का मारला.

"शनिवारी की रविवारी?" त्याने विचारलं.