पेटीत काय होतं

आमच्या कंपनीत ईमेलला सगळ्यांत लवकर उत्तर कोण देतं, हे शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाही विचारा. सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. खोक्यांच्या धंद्यात एवढी कसली घाई, असं तुम्हाला वाटेल. मलाही वीस वर्षं तसंच वाटत होतं. मग साहेबांना संध्याकाळी घरून ईमेल लिहायची सवय लागली आणि मला उत्तर द्यायची. 'खोक्यावरचा बाण वर हवा की खाली?' असा साहेबांचा प्रश्न येऊन पडायचा अवकाश, माझं 'वर' निघालेलं असायचं. दोन मिनिटं. जेवत असलो तर तीन, कारण उजवा हात खरकटा. ऑफिसात मला 'तत्पर' म्हणतात. आधी ते कौतुकाने म्हणायचे. हल्ली कसं म्हणतात, याची मी चौकशी केलेली नाही.

माझे वडील मात्र आयुष्यात कधी घाईत नव्हते. ते कुलूपवाले. पन्नास वर्षं लोकांची अडलेली दारं, कपाटं, तिजोऱ्या त्यांनी उघडून दिल्या. आता वय एक्याऐंशी. खाटेखाली त्यांची लोखंडी हत्यारपेटी आहे, झाकण आपटलं की आपोआप कुलूप लागणारी. किल्ली उशाशी खिळ्याला. दुपारी ते पेटी उघडतात, एकेक हत्यार पुसतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात. गिऱ्हाईक कधीही येईल अशा बेताने.

महिन्यापूर्वी एकदा जेवणं झाल्यावर ते मला म्हणाले, "बस जरा. एक गोष्ट सांगायची आहे. दोन भावांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, आम्ही आहोत तोवर कुठे बोलायचं नाही. थोरला केव्हाच गेला. धाकटा परवा गेला. आता ती माझ्या एकट्याकडे उरली. माझ्याबरोबर जायला नको."

मी मांडी घालून बसलो. मला पहिल्यापासून कीर्तनाचं वेड. कथा म्हटली की मी आपोआप सरसावून बसतो. आणि बाबा सांगतातही बुवांसारखं. आधी पूर्वरंग ऐसपैस, मग हळूहळू कथेला हात.

"त्या दिवशी सकाळी," बाबांनी सुरुवात केली, "माझी बारीक कानस सापडत नव्हती."

कानस सापडली. बाबा सायकलवरून त्या घरी पोचले. खोलीत दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे आणि मधोमध त्यांच्या आईची पेटी. आई गेली तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, ती उघडलेली नव्हती. किल्ली धाकट्याने लपवली असं थोरला म्हणे, थोरल्याने लपवली असं धाकटा. चौदा वर्षं एका छपराखाली राहून दोघांत अवाक्षर नाही. बाबांनी कुलूप उघडलं, झाकणाला हात घातला.

आणि माझा खिसा थरथरला.

"एकच मिनिट हं, बाबा."

'फिकट तपकिरी की गडद?' साहेबांनी विचारलं होतं. मी 'गडद' लिहून परत आलो, तर बाबा चूळ भरायला उठलेले.

"पुढे काय झालं?"

"उद्या. आता धागा तुटला. पहिल्यापासून सांगावी लागेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कानस हरवली, पुन्हा सापडली, आणि झाकणाला हात लागतो न लागतो तोच साहेबांना चिकटपट्टीची रुंदी हवी झाली. तिसऱ्या दिवशी बिजागरीपाशी, चौथ्या दिवशी सायकलवरच. अकरा संध्याकाळी माझ्या वडिलांची कानस हरवली आणि पेटी एकदाही उघडली नाही. घरात सगळ्यांना ती पाठ झाली. बायको स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "सापडली का आज कानस?"

अकराव्या दिवशी बाबांचा सूर खाली आल्यासारखा वाटला. मधेच थांबून म्हणाले, "आधी थोरला का रे धाकटा?" मला काय माहीत? तिथवर मी कधी पोचलोच नव्हतो. पण मनात आलं, त्यांना आठवतंय तोवर ऐकायला हवी होती.

त्या दिवशी बायकोने मला गाठलं. "कीर्तनाला जाता तेव्हा दोन-दोन तास फोन बंद ठेवता. तिथे बुवा परके, आणि इथे जन्मदाता बाप."

"अगं, तिथे देव बघत असतो."

"आणि इथे?"

"इथे साहेब," मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकवेना.

म्हणून मी एक नामी युक्ती काढली. फोन बायकोच्या हातात दिला आणि बजावलं, "काहीही येवो, 'मिळालं. पाहतो.' एवढंच पाठवायचं. साहेब खूश, बाबा खूश."

"आणि मी?"

"तू पुण्यवान."

बाराव्या संध्याकाळी मी बाबांसमोर हात जोडून बसलो. स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. बायको एका हाताने दूध ढवळत होती आणि दुसऱ्या हाताने कंपनी चालवत होती.

'उद्या गाडी किती वाजता बोलवायची?'

'मिळालं. पाहतो.'

'पाहतो म्हणजे? वेळ सांगा.'

'मिळालं. पाहतो.'

'तुम्ही बरे आहात ना?'

'मिळालं. पाहतो.'

'घरी जवळ कुणी आहे का?'

'मिळालं. पाहतो.'

इकडे कुलूप उघडलं होतं. बाबांचा हात झाकणावर होता. मी पुढे सरकलो, आणि दारावरची घंटा वाजली.

दारात साहेब. दोन गल्ल्या सोडून राहतात, धावत आले होते. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. फोन घरीच विसरलेले.

"तुम्ही ठीक आहात?" त्यांना दम लागला होता. "माझे वडील आजारी पडले तेव्हा असंच करायचे. काहीही विचारा, एकच वाक्य. मी घाबरलो हो."

माझी अवस्था मांजराने दूध पिताना डोळे मिटावे आणि उघडावे तर समोर मालक, तशी. काय सांगणार? अंगवळणी पडलेलंच तोंडून निघालं. "गाडीची वेळ ना, साहेब? आत्ता बघून सांगतो!" आणि मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे पळालो. जाता जाता बाबांचा आवाज ऐकू आला. "बसा साहेब, पाणी घ्या. ऐका, त्या दिवशी सकाळी माझी बारीक कानस सापडत नव्हती."

कॉम्प्युटर सुरू व्हायला तयार नव्हता. त्याला स्वतःची काही दुरुस्ती करून घ्यायची होती, ती त्याने सावकाश करून घेतली. वीसेक मिनिटं मी पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसलो. बाहेर मोठ्याने हसणं झालं. साहेबांचं हसणं मी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकत होतो. मग एकदम शांत.

"साडेनऊ!" म्हणत मी बाहेर आलो. साहेब डोळे पुसत होते. स्वयंपाकघराच्या दारात बायको पदर तोंडाला लावून उभी. दूध उतू गेलेलं, त्याचंही तिला भान नाही. बाबा खाटेवर आडवे होत म्हणाले, "झाली गोष्ट. दमलो आज."

साहेबांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. ते कठड्याला धरून थांबले.

"एक विचारू? तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या ईमेलची वाट बघत बसता का?"

"मी? साहेब, मला वाटायचं, तुम्ही माझ्या उत्तराची वाट बघता."

"छे हो. मी विसरू नये म्हणून लिहून टाकायचो. तुम्ही सकाळी बघाल म्हणून. पण तुमचं उत्तर दोन मिनिटांत हजर. मग वाटायचं, माणूस ताटकळत बसलाय, आपण गप्प कसं राहायचं? म्हणून आणखी काहीतरी विचारायचो. घरचे मला जेवायला बोलावून थकले."

आम्ही दोघंही त्यांच्या चपलांकडे बघत उभे राहिलो. मग मी हळूच विचारलं, "साहेब, पेटीत काय होतं?"

त्यांनी तोंड उघडलं, आमच्या दाराकडे बघितलं आणि मिटलं. "चलतो. घरी वाट बघत असतील."

बायकोला विचारलं तर म्हणाली, "मी काही सांगणार नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारा." बाबा घोरत होते. शेवटी मी साहेबांना ईमेल केली. विषय: 'पेटीत काय होतं?' दोन मिनिटं झाली. तीन झाली. फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला, चार्जिंगला लावला, काढला. ताटकळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी आलं. 'मिळालं. पाहतो.'

त्या संध्याकाळी मी बाबांच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. "बाबा, गोष्ट."

"फोन?"

ठेवू कुठे? बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी हत्यारपेटी उघडली, कानशी बाजूला सारल्या, फोन आत ठेवला आणि निश्चयाने झाकण आपटलं. मग खाली मांडी घातली.

कानस हरवली. सापडली. सायकल, दोन पाठी, कुलूप. झाकणाला हात. माझा खिसा गप्प.

"झाकण उचललं," बाबा म्हणाले, "तर आत आईची एक शाल. आणि शालीवर किल्ली."

"कसली किल्ली?"

"त्याच पेटीची. आपल्या पेटीसारखंच कुलूप होतं ते. म्हातारीने शाल ठेवताना किल्ली आत टेकवली असेल, झाकण पडलं. चौदा वर्षं हा म्हणतोय त्याच्याकडे, तो म्हणतोय ह्याच्याकडे. कुणाकडेच नव्हती."

"मग?"

"आधी थोरला हसला. हो, थोरलाच. मग धाकटा. हसता हसता दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. मी आपली हत्यारं आवरली. थोरला म्हणाला, कुठे बोलू नका, लोक हसतील."

मी मांडी मोडलीच नाही. कीर्तन संपल्यावर माणसं लगेच उठत नाहीत, तसं झालं. मग खाटेखाली काहीतरी थरथरलं. साहेबांचं नसणार, हे ठाऊक असूनही माझा हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा.

"बाबा, किल्ली कुठे आहे?"

"तुझ्या हातात दिली होती. कुठे ठेवलीस?"

मी आठवू लागलो. दोन्ही हातांनी कानशी सारल्या होत्या. त्यासाठी किल्ली खाली टेकवली होती. फोनशेजारी.

बाबा इतके हसले की बायको पाणी घेऊन धावत आली.

"उघडून द्या ना, बाबा."

"देतो की. सूनबाईची एक पिन पुरेल." त्यांनी कूस बदलली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "उद्या दहाला. कामाच्या वेळेत."