निकष क्रमांक सात

माणूस घर दोन फेऱ्यांत पसंत करतो आणि जोडीदार एका संध्याकाळी. पण बेस गिटारचा स्पीकर ज्या लाकडी खोक्यात बसवलेला असतो, तो खोका मात्र घाईने निवडू नये. या तत्त्वावर वडिलांची इतकी श्रद्धा होती, की शोधाच्या तिसऱ्या वर्षातल्या त्या गुरुवारी, जो घरातला शेवटचा साधा दिवस ठरला, ते सातवा खोका जिन्याने वर आणत होते.

वडील वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे किलो तपासल्यामुळे (बाजारातला किलो सरासरी नऊशे साठ ग्रॅमचा भरतो, असे त्यांचे निरीक्षण) दुकानदाराच्या शब्दावर विसंबणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. म्हणून प्रत्येक खोका दोन दिवसांच्या बोलीवर घरी येई. वाजवणे दोन प्रकारचे: रोज घरी एकट्याने सराव आणि शनिवारी दातांचे डॉक्टर (ड्रम) व शिंपीकाका (गिटार) यांच्यासोबत जमेल तसे. तिघांचे एकत्रित वय एकशे शहाण्णव, एकत्रित गाणी चार. एवढ्या व्यापाला लहान खोका पुरे, यावर एकमत होते. कोणता, एवढेच ठरायचे होते.

त्यासाठी नोंदवही होती. निकष एक, वजन: दोन मजले चढताना 'जिना काय मजबूत बांधलाय' असे म्हणत किती वेळा थांबावे लागले, ते मोजणे. (आठ इंची स्पीकरचा खोका: एकदा. पंधरा इंची: पाचदा, पैकी एकदा बसून.) निकष तीन: स्कूटरवर पायांशी मावणे आणि तरीही ब्रेक लागणे. निकष पाच: स्वयंपाकघरातल्या कपाटातले किती पेले खणखणले, बारापैकी चार उत्तम, सातच्या वर बेशिस्त. निकष दोन, चार आणि सहा वडिलांनी स्वतःच रद्द केले होते, पण उरलेल्यांचे क्रमांक बदलले नव्हते; कारण क्रमांक बदलले की गैरव्यवहाराला सुरुवात होते.

निकष सातची परीक्षा तोंडी होती. मुलगी पलीकडच्या खोलीत पुस्तकांची मुद्रिते तपासत बसे. वडील सर्वांत जाड तार छेडत आणि ओरडत, "ऐकू येतंय का गं?"

तिच्या टेबलावरची पेन्सिल थरथरे, गडगडत कडेला जाई आणि खाली पडे. पेन्सिल उचलून ती म्हणे, "नाही बाबा! अजिबात नाही!"

याला कारण होते. पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "तुमच्याकडे गिरणी घातली का हो?" असे विचारले, तेव्हा वडिलांनी पंधरा दिवस गिटारला हात लावला नव्हता आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरले होते. तेव्हापासून ती 'नाही'वर ठाम राहिली. खर्ज भिंतीला जुमानत नाही, असे भौतिकशास्त्र सांगते. पण वडिलांचा भौतिकशास्त्रापेक्षा मुलीवर अधिक विश्वास होता.

गुरुवारीही पेन्सिल पडली.

"ऐकू येतंय का गं?"

"नाही बाबा! बिनधास्त वाजवा!"

"बरं," वडील म्हणाले.

शुक्रवारी सकाळी वडिलांचा सहाचा गजर वाजला आणि वाजतच राहिला.

दोन आठवड्यांनी डॉक्टर आणि शिंपीकाका खोका परत न्यायला आले. (दोन दिवसांच्या बोलीला झालेल्या विलंबाबद्दल दुकानदाराने प्रथमच काही म्हटले नाही.)

"सातही नापास केले गं त्याने," डॉक्टर म्हणाले. "तो दुकानदार हल्ली मला बघितलं की शटर ओढतो."

"पण का? दुसरा तर चांगला होता."

"तुझ्यापर्यंत पोचत नव्हता म्हणे."

"पोचू नये म्हणूनच तर विचारायचे ना?"

शिंपीकाकांनी नोंदवही उघडून तिच्यापुढे धरली. "घे, वाच. मापं तुझ्या बापाने घेतलीयत, मी नाही."

निकष ७: पलीकडच्या खोलीत कन्येस ऐकू येणे. अनिवार्य. शिथिल करता येणार नाही.

खाली सात ओळी. सात वेळा 'नाही'. आणि गुरुवारच्या तारखेने निरीक्षकाचा शेरा: 'खोके बहुधा निर्दोष असावेत. वादकात सुधारणा आवश्यक.'

(ज्या वाचकांना ही कार्यपद्धती हास्यास्पद वाटली, त्यांनी पलीकडच्या खोलीतून आपल्याला शेवटचे कुणी काय विचारले आणि आपण मान वर न करता काय उत्तर दिले, ते याच रकान्यात भरावे. रकाना कोरा सोडल्यास 'नाही' समजले जाईल.)

तिने वही मिटली आणि शिंपीकाकांना म्हणाली, "काका, नेण्याआधी एकदा वाजवा. जाड तार."

मग ती आपल्या खोलीत जाऊन टेबलाशी बसली. पलीकडे तार वाजली. पेन्सिल थरथरली, गडगडत कडेला गेली आणि खाली पडली. या वेळी कुणी काही विचारले नाही. तिने पेन्सिल तशीच राहू दिली आणि भिंतीकडे तोंड करून, पलीकडे नीट जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"येतंय ऐकू, बाबा! पहिल्या खोक्यापासून येतंय!"