मामांच्या फोटोला झेंडूचा हार

दोन हजार नऊच्या दसऱ्याला आमच्याकडे एक हार उरला. स्कूटर, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना हार घालून झाले होते. बायको, म्हणजे अनुया, श्रीखंड आणायला जुन्या पनवेलात गेली होती. (ती घरात असताना मी निर्णय घेत नाही.)

त्या दिवशी तिचे सत्यजीतमामा पुण्याहून प्रथमच आमच्या न्यू पनवेलच्या घरी जेवायला यायचे होते. एकाहत्तरच्या लढाईतले वैमानिक, वीरचक्रवाले. भाचीने गाढव निवडलं, हे त्यांचं मत लग्नापासून कायम होतं, आणि ते आज बदलायचंच, असं मी ठरवलं होतं. हॉलमध्ये त्यांचा मोठा फ्रेम केलेला फोटो आहे, मागे विमान. आज शस्त्रपूजा, विमान हे शस्त्रच, असा विचार करून मी हार फोटोला घातला. हार विमानापर्यंत पोचत नाही, मामांच्याच गळ्यात पडतो, हे मला दिसलं नाही.

खालच्या चंद्रावतीकाकू सोनं द्यायला आल्या. फोटो पाहून त्या हळूच खुर्चीत बसल्या.

"फार मोठा माणूस," त्या म्हणाल्या.

"असा माणूस पुन्हा होणे नाही," मी म्हणालो.

अनुया कशी आहे, असं त्यांनी विचारलं. सकाळपासून तिची नुसती धावपळ चाललीय आणि माझ्याही पोटात अन्नाचा कण नाही, असं मी सांगितलं. (श्रीखंडासाठी जागा ठेवली होती.) काकूंनी डोळे पुसले. देशभक्त बाई, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने सोसायटीचा लाउडस्पीकर बंद पडला. आणि मग बेल वाजली. दारात साक्षात मामा.

"खाली बोर्डावर मला श्रद्धांजली वाहिलीय," ते शांतपणे म्हणाले. "हुद्दा चुकला होता. विंग कमांडर नाही, ग्रुप कॅप्टन. खडू होता, दुरुस्त केला."

मग त्यांनी हार पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचं मत आता पक्कं झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तोंड लपवायला गॅलरीत गेलो. खाली फाटकातून अनुया येत होती. वॉचमन दयारामने तिला थांबवून काहीतरी सांगितलं. ती क्षणभर उभी राहिली, श्रीखंडाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली. जिन्यापाशी, बोर्डासमोर पोचली मात्र, तिने असा हंबरडा फोडला की सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

मामांना जिवंत पाहून ती त्यांच्या गळ्यात पडली. माझी पूजा नंतर झाली.

जेवताना मी सहज विचारलं, दयाराम काय म्हणाला होता?

"म्हणाला, ताई, तुमच्या घरातला मानूस गेला. नाव मना ठाव नाय."

"मग तू तिथेच का नाही रडलीस?"

"मला वाटलं, तुम्ही," अनुया म्हणाली, आणि मामांना आणखी श्रीखंड वाढू लागली.