नानाजींचा सचित्र भूतकोश

नानाजींनी पुडक्याची सुतळी तोडली, वरची प्रत उघडली आणि छापखान्यातच मटकन खाली बसले. ‘हडळ’ या शब्दाखाली टोपी घातलेले, भरघोस मिशांचे वामनराव हसत होते. वामनराव म्हणजे संत्रा बागाईतदार मंडळाचे सेक्रेटरी. चांगले जितेजागते! सकाळीच तर बर्डीच्या बाजारात भाजी घेताना दिसले होते.

नानाजी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. अकरा वर्षं खपून त्यांनी हा कोश केला, आणि तोही रागाच्या भरात. आजवर ज्याने ज्याने भुतांचा कोश काढला, त्याने चित्रं विलायती ग्रंथांतून उचलली. तिकडच्यांनी एकमेकांची उचललेली, इकडच्यांनी त्यांची. त्यामुळे आपल्या मुंज्यालाही शिंगं आणि खविसालाही वटवाघळाचे पंख! “पिंपळावरचा मुंजा बोकडाचे पाय घेऊन काय करन गा?” असं ते भेटेल त्याला विचारत. शेवटी भिवापूरपर्यंत पायपीट करून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांनी सात मुख्य भुतं स्वतः काढली, खाली सही ठोकली आणि प्रस्तावनेत ठणकावलं : ‘या कोशातील एकही भूत परदेशी नाही. सर्व अस्सल इथली.’

संध्याकाळी पाचला प्रकाशन. प्रमुख पाहुणे कोण, तर त्याच मंडळाचे अध्यक्ष महादेवराव!

“भैयाजी, माहे भुतं कुठी गेले?” नानाजींचा आवाज फाटला.

छापखान्याचे मालक भैयाजी घाम पुसत म्हणाले, “मंडळाची स्मरणिका बी इथंच छापून राहिलो होतो ना. त्याईचे सात संचालक, तुमचे सात भुतं. चित्रं छापायचे ब्लॉक एकाच साइजचे, मांगं नंबर बी एक ते सात. ब्लॉकचे पुडके बदलले असतीन.”

“म्हणजे स्मरणिकेत...”

“हाव. तुमचे भुतं. वाटून आठ दिवस झाले.”

“अन् कोणी काही म्हटलं नाई?”

“एकानंही नाई!”

इतक्यात दारात स्कूटर थांबली. महादेवराव स्वतः, हातात स्मरणिका. नानाजी घाईघाईने पुडक्यावरच बसले. झालं, अकरा वर्षं पाण्यात!

“नानाजी, तुमालेच शोधून राहिलो. फोटोच्या जागी हातचे चित्रं, वा! वामनराव तर असा उतरला, का बायकोनं दुरूनच ओळखला. आपले दुसरे संचालक रुपराव बी हुबेहूब.” मग ते हळूच म्हणाले, “फक्त माहा चेहरा जरासा बिघडला. बाकी सहाही जण हेच म्हणतात. आपला सोडून सारे बरोबर!”

नानाजींचा ऊर भरून आला. त्या भरात ते उभे राहिले आणि महादेवरावांनी खालची प्रत उचलली. पान नेमकं ‘वेताळ’चं. महादेवरावांचा फोटो आणि खाली मजकूर : ‘सर्व भुतांचा राजा. याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.’ नानाजींनी डोळे मिटले.

“हा पाहा! असा पायजे फोटो! अन् मजकूर बी खरा!” महादेवरावांनी पुढचं पान उलटलं. ‘हडळ’ पाहून ते असे हसले, की स्कूटरची किल्ली हातातून पडली. “हेच पुस्तक निघन आज. एक पान बदलाल तर मी येत नाई.”

हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेतला प्रत्येक संचालक स्वतःचं पान पाहून गोरामोरा होई आणि शेजाऱ्याचं पाहून पोट धरून हसे. तक्रार करायला तोंड कोणाचं मोकळं होतं? “भुताईचं पुस्तक कोण घेते?” असं अकरा वर्षं म्हणणाऱ्या नानाजींच्या पत्नी, प्रयागबाई, टेबलापाशी प्रती देऊन देऊन थकल्या. सात वाजायच्या आत सगळा गठ्ठा साफ!

भैयाजी ओशाळून जवळ आले. “नानाजी, दुसऱ्या आवृत्तीत ब्लॉक बदलून टाकतो.”

नानाजींनी पहिल्या रांगेकडे नजर टाकली आणि उपरणं झटकलं.

“काहून गा? प्रस्तावनेत लिहिलं तेच छापलं ना तू! सारे अस्सल इथले!”